अंगणाला वय कुठून आणायचं?

पुण्याहून मुळशीकडे, मुंबईहून कर्जतकडे किंवा बोटीने मांडव्याला उतरून अलिबागकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शनिवार-रविवारची घरं दिसू लागतात. घर बांधून झालं की मालकाचं लक्ष अंगणाकडे वळतं. चार माणसांना उघड्यावर बसता येईल अशी फरसबंद जागा हवी, तिच्या कडेला रांधायचा ओटा हवा, जमलं तर खरीखुरी चूल हवी. आणि हे सगळं जुनं दिसायला हवं. फरशीच्या गोडाऊनमध्ये अशी गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो घेऊन येतात. फोटो बहुतेक वेळा इटलीतल्या एखाद्या खेड्याचा असतो, क्वचित गोव्यातल्या जुन्या घराचा. माल नवा पाहिजे, पण पन्नास पावसाळे पाहिलेला वाटला पाहिजे, अशी एकूण मागणी.

ती मागणी पुरवणारा धंदा चांगला बसलेला आहे. दगडाचे चौकोनी तुकडे मोठ्या पिंपात पाणी आणि खडी घालून घुसळले की कडा बोथट होतात, कोपरे उडतात. हा 'टंबल्ड' माल. ग्रॅनाइटवर गॅसच्या ज्योतीचा झोत फिरवला की त्यातले क्वार्ट्झचे कण फुगतात (५७३ अंश सेल्सिअसला त्यांची रचनाच बदलते), वरचा पापुद्रा उडतो आणि खरखरीत पाठ उरते. हे 'फ्लेम फिनिश'. यंत्राच्या ब्रशने घासून दगडातला मऊ भाग खरवडला की 'लेदर'. चुनखडीच्या दगडावर पातळ ॲसिड फिरवून त्याची चकाकी मारली की 'अँटिक'. यात फसवणूक काही नाही, सगळं उघड उघड चालतं. फक्त यातली प्रत्येक क्रिया दगडाचा पहिला दिवस ठरवते. दहा पावसाळ्यांनंतर तो कसा दिसेल, हे पिंपात ठरत नाही. ते ठरतं दगडाच्या जातीवर आणि त्याहून जास्त त्याच्याखाली काय आहे यावर. गोडाऊनमध्ये ही चौकशी फारशी होत नाही.

असल्या तयार म्हाताऱ्या दगडाची मोठी बाजारपेठ विलायतेत आहे. ब्रिटनमधल्या घरांच्या मागच्या अंगणांत राजस्थानचा वालुकाश्म वर्षानुवर्षं जातो आहे. तिथल्या दुकानांत त्याला 'राज ग्रीन', 'कांडला ग्रे' अशी नावं असतात. बुंदी जिल्ह्यातलं बुधपुरा हे गाव हाताने फोडलेल्या कोबलसाठी, म्हणजे रस्त्याला बसवायच्या लहान घनांसाठी, प्रसिद्ध आहे. घरांसमोर बसून बायका आणि मुलंही ते फोडतात, हे गेल्या दोन दशकांत वारंवार नोंदलं गेलं आहे. वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असतं. त्याची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. तेच कोबल आपल्याकडेही येतात. ते घेऊ नयेत असं मी म्हणणार नाही, त्यावर पोट असलेली माणसं आहेत. पण माल कुठल्या खाणीचा आणि कुणी फोडला हे दुकानदाराला विचारायला काय हरकत आहे? आणि आपल्या आवारात कामगार कटर लावून कोरडा दगड कापत असेल, तर पाण्याची नळी हातात घेऊन उभं राहायला कसलीच लाज नसावी.

आता आपल्या मुलखातल्या दगडांकडे येतो. फोटोतला तो ऊनपाऊस खाल्लेला दगड ज्यांना हवा आहे, त्यांच्यासाठी कोकणात एक दगड तयारच आहे. त्याला कुठल्याही पिंपात घालावं लागत नाही, कारण झिजणं हाच त्याचा जन्म. जांभा. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर लाखो वर्षं उष्ण हवेत धो धो पाऊस पडला, कातळातली सिलिका आणि चुन्यासारखे विरघळणारे अंश वाहून गेले, आणि मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाच्या गंजाने त्याला तांबडा रंग आला. जिथून काहीतरी वाहून गेलं तिथे भोकं राहिली. म्हणजे जांभा हे बेसॉल्टचं म्हातारपण आहे. खाणीत असताना तो इतका मऊ की पूर्वी कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे काढत. हवा लागली की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने मलबारात हे पाहिलं आणि १८०७ साली छापून जगाला सांगितलं. कोकणी गवंड्याला ते आधीच ठाऊक होतं.

आज चिरे यंत्राने कापले जातात, त्यामुळे कडा सरळ येतात. भिंतीसाठी ते सोयीचं. अंगणासाठी मात्र चिरा निवडून घ्यावा लागतो. एकाच खाणीत वरच्या थराचा चिरा टणक आणि गर्द असतो, खाली गेलं की पिवळट, मातकट माल लागतो. त्यावर नखाने ओरखडा उठतो. भिंतीत, गिलाव्याआड तो खपून जातो, पण पायाखाली दोन पावसांत त्याची पूड होते. गिऱ्हाइकाला मात्र तोच पिवळा-तांबडा मिश्र रंग जास्त आवडतो. चिरा चिऱ्यावर आपटून पाहावा. खणखणीत वाजला तर घ्यावा, 'बद्द' वाजला तर परत पाठवावा. खाणीवरचे लोक हेच करतात.

जांभ्याचा मोठा गुण म्हणजे तो पाणी पितो. पावसाच्या सरीनंतर त्यावर तळं साचत नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाणी मारलं की ते मुरतं, हळूहळू उडतं आणि अंगण गार होतं. काळ्या कडप्प्यावर दुपारी अनवाणी पाय टेकवून पाहा, मग जांभ्याची किंमत कळते. पण जो पाणी पितो तो तेलही पितो. माशाच्या तळणीचं तेल एकदा सांडलं की तो डाग त्या चिऱ्याचा होऊन जातो. म्हणून चुलीच्या आणि ओट्याच्या भोवती जमिनीला जांभा नको. बसायच्या जागेला, पायवाटेला, बांधाला हवा. कोकणात सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस. श्रावण येईपर्यंत सावलीतल्या जांभ्यावर शेवाळाचा जाड थर बसतो. फोटोत तो हिरवा रंग सुंदर दिसतो, प्रत्यक्षात कंबरडं मोडतं. कोकणातली माणसं पावसाळ्यात चालायच्या वाटेवर माडाची झावळं टाकतात आणि उघडीप पडली की खराट्याने घासतात. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये झावळं नसतात.

उघडा जांभा म्हणजेच जुनं बांधकाम, ही समजूत आपल्याकडे फोटोंतून आली आहे. तिचं सगळ्यात ठळक उदाहरण जुन्या गोव्यात उभं आहे. बॉम जेझुस बासिलिका १६०५ साली पवित्र करण्यात आली. तिचा लाल, खडबडीत, उघडा जांभा पर्यटकांच्या डोळ्यांत भरतो, आणि तिची जगभरातली ओळखच तो आहे. पण साडेतीन शतकं ती इमारत चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती. १९५०च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या जीर्णोद्धारात तो गिलावा काढला गेला, कारण उघडा दगड जास्त पुरातन वाटतो. तेव्हापासून पावसाचं पाणी थेट जांभ्यात शिरतं आहे. अलीकडच्या काळात खुद्द तिथल्या धर्मगुरूंनीच गिलावा परत चढवा अशी जाहीर विनंती केली. दुसरी बाजू म्हणते, लोकांच्या मनातली बासिलिका लालच आहे. फार्महाऊसच्या जांभ्याच्या बाकाला असली चर्चा अर्थातच लागू नाही. पण उभ्या पावसाच्या तोंडावर जांभ्याचा कट्टा बांधणार असाल तर माथ्यावर शहाबादीची किंवा काळ्या दगडाची पुढे आलेली पट्टी बसवा. पाणी वरून आत शिरलं नाही तर जांभा पुष्कळ टिकतो.

आणखी एक गोष्ट, जी अंगणाच्या बजेटमध्ये येत नाही. जांभा ज्या सड्यांवरून, म्हणजे सपाट कातळ-माळांवरून, निघतो त्या सड्यांवरच रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं आहेत: काशेळीचा भलाथोरला हत्ती, उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, कुडोपी. २०२२ मध्ये यातली काही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावर एरवी काहीच उगवत नाही असं म्हणतात. भाद्रपदात जाऊन पाहा, पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं असतात. चिरेखाण झाली की तो सडा कायमचा खड्डा होतो. परवानगीची खाण कोणती हे गावात सगळ्यांना माहीत असतं. विचारणारा हवा.

घाटावर मात्र जांभ्याचा हट्ट धरू नये. पुण्याच्या बाजूला तो ट्रकभाड्याने महाग पडतो आणि शोभतही नाही. घाटावरच्या मराठी घराच्या पायाखाली दोन दगड होते, एक आपल्याच कातळातला आणि एक रेल्वेने आलेला.

रेल्वेने आला तो शहाबादी. गुलबर्ग्याजवळचं शहाबाद मुंबई–रायचूर लोहमार्गावर आहे. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा दगड थराथरांत बसलेला आहे, पहार घातली की पाट निघावा तसा सपाट सुटतो. लोहमार्ग झाल्यावर तो सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत पसरला. चाळीचे व्हरांडे, शाळांचे वर्ग, स्टेशनांचे फलाट, वाड्यांच्या पडव्या, मोऱ्या, सगळीकडे तोच. शेजारच्या तेलंगणातल्या तांदूरचा निळा-पिवळा दगडही त्याच घराण्यातला. याच चुनखडीमुळे शहाबाद-वाडी भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. म्हणजे ज्या खडकाची आपण फरशी घालतो, त्याच खडकाच्या भावकीतलं सिमेंट तिच्याखाली ओततो.

इतकी वर्षं पायाखाली असल्यामुळे शहाबादीला आपण गरिबाची फरशी समजत आलो. लग्नकार्यात पैसे आले की पहिल्यांदा तिच्यावर मोझॅक आणि नंतर टाइल चढली. आता तीच फरशी 'नॅचरल क्लेफ्ट' या नावाने दर वाढवून परत आली आहे. माझं मत विचाराल तर घाटावरच्या अंगणाला आजही तिच्याइतका सरळ, स्वस्त आणि देखणा पर्याय नाही. अट एवढीच की ती पॉलिश करून घेऊ नका. खाणीतून सुटते तशी, थराची नैसर्गिक पाठ वर ठेवून, किमान सव्वा इंच जाडीची घ्या. यंत्राने सारखी केलेली पाऊण इंची पातळ फरशी भिंतीला ठीक. अंगणात झाडाची कुंडी सरकवली की तडकते. एकाच मापाची घेऊ नका. दोन बाय दोन, दीड बाय दोन, एक बाय दीड असा मिसळलेला माल घेतला तर खाणीवर कमी दगड वाया जातो आणि अंगण शाळेच्या वर्गासारखं दिसत नाही. कडा हातोड्याने फोडलेल्या ठेवा. जुनेपणा यायचा तर तो कडांतून येतो, पृष्ठभागातून कमी.

शहाबादी, तांदूर, राजस्थानातल्या रामगंज मंडीचा कोटा आणि आंध्रातला काळा कडप्पा, हे चारही चुनखडीच्या जातीचे. त्यांचा शत्रू एकच: आंबट. लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, व्हिनेगर यांतलं काहीही सांडून रात्रभर राहिलं की सकाळी तिथे फिकट, खरखरीत धब्बा. तो डाग नव्हे, दगड तेवढा खाल्ला गेलेला असतो. घासून जात नाही. याहून मोठा घात काम संपताना होतो. फरशीवर सांडलेलं सिमेंट काढायला गवंडी ॲसिडची बाटली उघडतो. फेस येतो, सिमेंट जातं, आणि त्याबरोबर दगडाचा रंगही जातो. ॲसिड आवारात आणायचंच नाही, हे कामाच्या पहिल्या दिवशी सांगून ठेवावं. सिमेंट सांडलं की लगेच ओल्या गोणपाटाने पुसावं, बस्स.

आंबटाचं इतकं भय, तरी मराठी स्वयंपाकघराचा ओटा पिढ्यान्‌पिढ्या कडप्प्याचाच का? कारण तेलाचे डाग काळ्यावर दिसत नाहीत, आणि आंबटाचे फिकट धब्बे झाकायला घरातल्या बायका अधूनमधून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवतात. बाहेरच्या ओट्यालाही कडप्पा चालतो, फक्त त्यावर छप्पर हवं. उघड्या पावसात तो करडा पडतो, थर सुटायला लागतात. छप्पर नसेल तर ओट्याला काळा दगड.

काळा दगड म्हणजे आपला बेसॉल्ट. मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या पाहाव्यात. दोनशेहून जास्त पूर आणि लाखो पावलं घेऊन त्या फक्त गुळगुळीत झाल्या आहेत. बेसॉल्टला लिंबाचं काही होत नाही, तेल तो जवळपास शोषत नाही, आणि त्यात मोकळं क्वार्ट्झ नगण्य असल्याने घडवणाऱ्याला वालुकाश्मापेक्षा कमी घातक. अडचण दुसरी आहे. तो घडवायला माणूस लागतो. वडार आणि पाथरवट समाजाच्या हातांनी हा सगळा देश घडला, पण त्यांची पुढची पिढी क्रशरवर किंवा शहरात गेली. घडीव दगडाचा भाव आता मुळात मजुरीचा भाव आहे, आणि तो तसाच असायला हवा. परवडत नसेल तर सगळं अंगण घडीव करण्याचा हट्ट सोडावा. पायरी, उंबरा, ओट्याची कड आणि चुलीभोवतीचा हातभर पट्टा छिन्नीच्या घावांचा करावा, बाकी शहाबादी.

जुन्या वाड्यांचा दगडही बाजारात मिळतो. पेठांमधले वाडे पडतात तशी खांब, तुळया, जोती, चौकातले दगड विकले जातात. यात वय खरं असतं, आणि खाण नवी लागत नाही. पण एक पथ्य. दगड कुठल्या वाड्याचा ते विचारा, पावती मागा. पडक्या देवळाचा, बारवेचा, वेशीचा दगड याच वाटेने येतो आणि कोरीव असेल तर दाम दुप्पट सांगतात. वीरगळ कुणाच्या बार्बेक्यूशेजारी उभा करण्यासाठी नसतो.

मोरबीच्या टाइलबद्दल दोन शब्द. वीस मिलिमीटर जाडीच्या, दगडाचं चित्र छापलेल्या फरश्या आज पुष्कळ बऱ्या येतात. तेल, लिंबू, हळद कशाचंच भय नाही. खरखरीत घेतल्या तर पाय घसरत नाही. पण छापे मोजकेच असतात आणि तीच शीर, तोच डाग चार पावलांवर पुन्हा भेटतो. एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही. शिवाय कोपरा उडाला की आतून बिस्किटाचा रंग उघडा पडतो. दगड फुटला तरी आतून दगडच निघतो.

इथपर्यंत दगडाचा चेहरा झाला. आता त्याचा बिछाना, म्हणजे जिथे बहुतेक अंगणं खरोखर बिघडतात तो भाग.

नगर-सोलापूरकडे बरीच जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतून फरशी लावली की दुसऱ्या उन्हाळ्यात अंगणाला नागमोडी तडा जातो. काळी निदान दीड-दोन फूट खणून काढायची, तिथे मुरूम थराथराने भरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. मुरुमाचे दोन-तीन ब्रास वाचवण्यासाठी लोक लाखाच्या फरशीचा बळी देतात. कोकणात सड्यावर घर असेल तर हा प्रश्न नाही. तिथे उलट पाण्याला मुरायला वाट ठेवावी लागते.

या बिछान्यावर दगड बसवायच्या दोन पद्धती. एक म्हणजे सोलिंग, काँक्रीट, त्यावर सिमेंटमध्ये फरशी, दर्जा (दोन फरश्यांमधल्या फटी) सिमेंटने बंद. ही शहरी पद्धत. दुसरी, मुरुमावर बारीक खडी, त्यावर वाळू किंवा कच, त्यावर जाड दगड नुसता बसवायचा आणि दर्जांत वाळू किंवा बारीक कच झाडून भरायची. पहिल्या पद्धतीत पाण्याला खाली जायला जागा नाही, म्हणून उतार चोख लागतो: फुटाला पाव इंच, घरापासून बाहेर. खडबडीत फरशीला यापेक्षा कमी उतार दिला तर खळग्यांत पाणी साचतं. पाणसळ लावून तपासा, गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. या पद्धतीत खाली अडकलेली ओल सिमेंटमधले क्षार घेऊन दगडावर येते आणि पांढरा लोणा फुटतो. मग मालक फरशीवाल्याशी भांडतो.

दुसरी पद्धत मला जास्त पसंत आहे. पाणी दर्जांतून खाली जातं, विहिरीला मिळतं. एखादा दगड खचला तर पहारीने उचलून, खाली कच घालून परत बसवता येतो. दर्जांत हरळी येते, पावसाळ्यात तेरडा डोकावतो. 'रस्टिक' म्हणून ज्याचे पैसे मोजतात ते हेच, आणि ते फुकट येतं. तोटेही आहेत. बाजेचा पाय दर्जेत अडकतो, मुंग्या वारुळं घालतात, आणि दिवाळीत रांगोळी धड उमटत नाही. या शेवटच्या तक्रारीवर एकच उपाय: तुळशीसमोर हात-दोन हात जागा गुळगुळीत ठेवायची, किंवा मातीची ठेवून सारवायची.

कुठला दगड कुठे, हा वाद केवढा मोठा होऊ शकतो ते माथेरानला विचारा. मोटारबंदी असलेलं हे रायगडचं गाव २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. रस्ते तांबड्या मातीचे. दर पावसाळ्यात माती दरीत वाहून जाते, म्हणून मुख्य रस्त्यावर भाजलेल्या मातीच्या पेव्हर ब्लॉकचं काम निघालं. एक बाजू म्हणाली, धूप थांबेल, हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या जागी ई-रिक्षा चालेल. घोडेवाले म्हणाले, ओल्या ब्लॉकवर घोड्याची टाप घसरते, आणि माथेरानचा पायच जाईल. दोघांचंही म्हणणं खरं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ब्लॉकना दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर परवानगी देताना आतल्या वाटा आणि घोड्यांचे मार्ग त्यापासून मोकळे ठेवायला सांगितले. चाकाला एक पृष्ठभाग, टापेला दुसरा. फार्महाऊसच्या अंगणातही सगळीकडे एकच फरशी टाकायचा हट्ट कशाला? गाडी उभी राहते तिथे काँक्रीटवर जाड दगड, बसायला सुटा दगड, आणि विस्तवाजवळ मात्र निराळाच विचार.

कारण दगडाला विस्तव सोसत नाही. हे लोकांना खरं वाटत नाही. ज्वालामुखीचा दगड, त्याला आगीचं काय? पण दगडाच्या छिद्रांत ओल असते. ती तापून वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की कपचा उडतो, कधी बंदुकीसारखा आवाज करून. नदीतले गुळगुळीत गोटे यात सगळ्यात धोक्याचे, आणि चुलीला 'लूक' यावा म्हणून लोक नेमके तेच आणतात. शहाबादीचं तर मूळच चुनखडी. नऊशे अंशांच्या आसपास तिचा चुना होतो. लाकडाच्या निखाऱ्याच्या पोटात तेवढं तापमान सहज असतं. चुलीची आतली बाजू भट्टीच्या उष्णतारोधक विटांची करावी, किंवा आजीच्या पद्धतीने माती, भुसा आणि शेण कालवून. मातीची चूल तडकते, पण ती तडकलेली कुणाला लागत नाही, आणि दर महिन्याला सारवून बुजते. बाहेरून जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा साज खुशाल चढवा, पण आतली वीट आणि बाहेरचा दगड यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे तापलेल्या विटेला फुगायला जागा राहते.

अलिबागकडे थंडीत हा धडा दरवर्षी नव्याने मिळतो, पोपटीच्या दिवसांत. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला दाबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. शेतात करतात तेव्हा खाली माती असते. फार्महाऊसवर पाहुणे जमतात आणि पोपटी लागते नव्या फरशीवर, उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी. सकाळी राख झाडली की खाली तारेसारख्या भेगा. नगर-सोलापूरकडे हुरड्याची आगटी जमिनीत खड्डा करून लावतात, ते उगाच नाही. म्हणून फरसबंदीच्या नकाशात पाच-सहा फूट व्यासाचं वर्तुळ मोकळं सोडावं, कडेला काळ्या दगडाची पट्टी, मध्ये नुसती माती. पोपटी तिथे, आगटी तिथे, शेकोटीही तिथेच.

जागा ठरवताना वारा पाहा. किनाऱ्यावर दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. चूल बसायच्या जागेच्या पूर्वेला असली तर धूर पाहुण्यांवर येत नाही. ओट्याखाली गॅसची टाकी ठेवणार असाल तर कप्प्याला खालच्या बाजूने मोकळी जाळी हवी. हा वायू हवेहून जड, गळला तर तळाशी साचतो. वरची खिडकी कामाची नाही. तळणाच्या शेगडीसमोर दोन हात जागा बेसॉल्टची किंवा खरखरीत टाइलची करा, आणि धुण्याचं पाणी जांभ्यावरून नव्हे, वेगळ्या नाल्याने केळीच्या आळ्यात सोडा.

डाग पडू नयेत म्हणून दगडावर चकचकीत लॅकर मारायला दुकानदार सांगेल. तो थर उन्हाने पिवळा पडतो आणि पापुद्रे सुटतात. मारायचंच तर दगडात मुरणारं, वर थर न धरणारं सीलर मारा, तेही कोरड्या मोसमात आणि फक्त ओट्याच्या भोवती. बाकीच्या अंगणाला डाग पडू द्यावेत.

खरेदीच्या वेळी मोजमापापेक्षा दहाव्या हिश्शाने जास्त फरशी घ्या. खाणीत थर बदलला की रंग बदलतो, आणि पाच वर्षांनी तोच माल मागितला तर मिळतो तो भाऊबंद, जुळा नव्हे. उरलेल्या फरश्या बहुतेक लोक गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली रचून ठेवतात. त्या परसात, कुंपणाला टेकवून, उन्हापावसात उभ्या करा. पुढे कधी एखादी फरशी बदलायची वेळ आली तर गवंड्याला जुळता रंग शोधत फिरावं लागणार नाही.